कर्जफेड आणि अडीनडीची पुंजी

धानाची मळणी आटोपून माल काट्यावर गेला की वर्षभर खोळंबलेली सारी देणी एकदम दाराशी येऊन उभी राहतात. सेवा सहकारी संस्थेचे पीककर्ज, दुकानदाराची उधारी, गहाण पडलेला दागिना, बचत गटाचा हप्ता आणि कोणाकडून तरी व्याजाने घेतलेले पैसे, या सर्वांना एकाच रकमेतून वाटा द्यावयाचा असतो. प्रामाणिक शेतकरी हाती आलेला पैसा देऊन टाकतो आणि निश्चिंत मनाने घरी परततो. परंतु पुढे रोवणीच्या ऐन दिवसांत घराची भिंत खचते, किंवा घरातील कर्ता माणूस तापाने अंथरुणास खिळतो, आणि ज्या दारातून तो मार्गशीर्षात सुटून आला त्याच दारी त्यास आषाढात पुन्हा जावे लागते. कर्ज फेडूनही कर्ज का हटत नाही, याचे एक मोठे कारण येथे सापडते.

पैसा एकदा, खर्च बारमाही

गोंदिया शहरापासून सुमारे 12 किलोमीटरवर असलेले बिरसी हे गाव बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे ते तेथील विमानतळामुळे. तेथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. धावपट्टीच्या भोवतालचा शेतकरी मात्र पूर्व विदर्भातील इतर गावांप्रमाणे मुख्यतः धानावर अवलंबून आहे. मृगात पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात रोवणी करावयाची आणि हलके, मध्यम व भारी धान जसजसे पिकेल तसतसे दिवाळीपासून पुढे कापून बांधीबाहेर काढावयाचे, हा येथील क्रम होय. त्यामुळे मोठी रोख रक्कम घरात एकदाच येते. जेथे उन्हाळी धानास पुरेल इतके पाणी आहे तेथे ती फार तर दोनदा येते. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो, आणि त्यातील सर्वांत निकडीचा खर्च बहुधा पावसाळ्यात, म्हणजे घर रिकामे असताना येतो.

घरखर्चासाठी कर्ज काढावे लागणे ही गोष्ट नवी नाही. रिझर्व्ह बँकेने 1951-52 साली देशातील 75 जिल्ह्यांत व 600 गावांत ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. शेतकरी कुटुंबांनी घेतलेल्या कर्जापैकी जवळजवळ निम्मी रक्कम शेतीसाठी नव्हे, तर कुटुंबखर्चासाठी घेतली गेल्याचे तीत दिसून आले. पुढे 2019 साली झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील 50.2 टक्के शेतकरी कुटुंबे कर्जदार आढळली. त्यांच्या थकीत कर्जापैकी 57.5 टक्केच कर्ज शेतीच्या कामासाठी घेतलेले होते. दोन पाहण्यांमध्ये अनेक दशकांचे अंतर असले तरी घरखर्चाचे ओझे कर्जावर पडते, ही गोष्ट दोहोंतही सारखीच दिसते.

हा भाग ज्या मध्यप्रांतात मोडत होता, तेथे 1933 साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला आणि धनको व ऋणको यांच्यात समेट घडवून आणण्यासाठी मंडळे नेमण्यात आली. महाराष्ट्रात 2017 व 2019 साली कर्जमाफीच्या मोठ्या योजना झाल्या. अशा उपायांनी जुन्या कर्जाचा आकडा कमी होतो, आणि संकटात सापडलेल्या कुटुंबास त्याचे मोल मोठे असते. परंतु येणाऱ्या पावसाळ्यात पडणारी भिंत अथवा येणारे आजारपण कोणत्याही कायद्याने टळत नाही. त्याची सोय घरातच करावी लागते.

खर्च खरोखर अनपेक्षित असतो काय?

भिंत नेमकी कोणत्या दिवशी पडेल हे कोणी सांगू शकत नाही. मात्र मातीच्या भिंतीच्या व कवेलूच्या छपराच्या घरास दर दोन-चार वर्षांनी काहीतरी दुरुस्ती लागणार, हे सांगावयास ज्योतिषाची गरज नाही. आजार, जनावराचे दुखणे, पंपाचा बिघाड, सोयऱ्याकडील मरण यांचेही तसेच आहे. प्रत्येक प्रसंग अचानक येतो. पण पाच वर्षांत असे प्रसंग काही येणारच, हे निश्चित असते. म्हणून अशा खर्चाची सरासरी काढता येते.

त्यासाठी घरातील सर्वांनी, विशेषतः ज्यांच्या लक्षात असे खर्च पक्के राहतात त्या गृहिणींनी, एकत्र बसून मागील पाच वर्षांतील अकस्मात खर्चांची यादी करावी. उदाहरणादाखल बिरसीसारख्या गावातील तीन एकर धानाची शेती असलेले एक काल्पनिक कुटुंब घेऊ. त्याची पाच वर्षांची यादी अशी आहे : भिंत व छप्पर 9,000 रुपये, आजारपणातील औषधे व प्रवास 13,000, पंपाची दुरुस्ती 6,000, म्हशीचे आजारपण 4,000, आणि आप्तांकडील मरण व त्यानिमित्तचा खर्च 8,000. एकूण 40,000 रुपये झाले. पाचाने भागिले असता वर्षास 8,000 रुपये येतात. हा आकडा या कुटुंबाचे दरवर्षीचे एक देणेच होय. फरक एवढाच, की या देण्याचा मागणारा अद्याप दारात आलेला नसतो.

दर महिन्याचा, की वर्षाचा?

कर्जफेडीचा क्रम ठरविण्यापूर्वी सर्व देणी एका कागदावर लिहून प्रत्येकाचा व्याजदर वर्षाच्या हिशेबाने मांडावा. बँक वर्षाचा दर सांगते, तर खाजगी देणारा महिन्याचा दर सांगतो. त्यामुळे महाग कर्ज स्वस्त वाटते. शेकडा 2 म्हटले की कानास थोडे वाटते, पण तो वर्षाचा 24 टक्के दर झाला. शेकडा 5 म्हणजे वर्षाचे 60 टक्के. याउलट केंद्र शासनाच्या व्याज सवलतीमुळे 3 लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास 7 टक्के दर लागतो व वेळेवर फेड केल्यास तो 4 टक्क्यांवर येतो. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 2021-22 पासून वेळेवर फेडणाऱ्यास आणखी 3 टक्क्यांची सवलत देण्याचे ठरले. म्हणून पीककर्जाची मुदत चुकविणे हे सर्वांत स्वस्त कर्ज आपल्या हाताने महाग करून घेण्यासारखे आहे. फेडीची नेमकी तारीख संस्थेच्या गटसचिवाकडून लिहून घ्यावी. पुढे माफी होईल या आशेवर ती तारीख जाऊ देऊ नये.

वर घेतलेल्या कुटुंबाने पीककर्ज वेळेवर भरले असे धरू. त्याखेरीज त्याची देणी अशी आहेत : खाजगी व्यक्तीकडून शेकडा 5 दरमहा व्याजाने घेतलेले 12,000 रुपये, दागिना गहाण ठेवून शेकडा 2 दरमहा व्याजाने घेतलेले 20,000, बचत गटाचे शेकडा 1 दरमहाने 10,000, आणि दुकानदाराची उधारी 8,000. एकूण 50,000 रुपये. डिसेंबरपर्यंतचे व्याज चुकते झाले असून हाती 24,000 रुपये उरले आहेत. पुढील जुलैत 8,000 रुपयांचा अकस्मात खर्च येणार आहे, पण तो त्या कुटुंबास आज ठाऊक नाही.

पहिली रीत अशी, की घरातील दागिना परक्याकडे आहे ही गोष्ट मनास लागते, म्हणून 20,000 रुपये देऊन तो सोडवावयाचा व उरलेले 4,000 दुकानदारास द्यावयाचे. जुलैत हात रिकामा असल्याने 8,000 रुपये शेकडा 5 ने घ्यावे लागतात. पुढील डिसेंबरपर्यंत जुन्या 12,000 वर 7,200, नव्या 8,000 वर पाच महिन्यांचे 2,000 व गटाचे 1,200, असे 10,400 रुपये व्याज चढते. मुद्दल 34,000 उरते. एकूण देणे 44,400 रुपये होते.

दुसरी रीत अशी, की प्रथम शेकडा 5 चे 12,000 रुपये पूर्ण फेडावयाचे, 4,000 दुकानदारास द्यावयाचे व 8,000 रुपये राखून ठेवावयाचे. जुलैचा खर्च राखीव रकमेतून भागतो. डिसेंबरपर्यंत दागिन्याचे 4,800 व गटाचे 1,200, असे 6,000 रुपये व्याज होते. मुद्दल येथेही 34,000 च उरते. एकूण देणे मात्र 40,000 होते. तीच मिळकत, तोच खर्च, परंतु 4,400 रुपयांचा फरक पडला आणि सर्वांत महाग देणेही घरातून नाहीसे झाले. एक दागिना आणखी काही काळ गहाण राहिला, एवढीच त्याची किंमत होय.

येथे कोणी शंका घेईल, की राखीव 8,000 रुपयेदेखील दागिन्याच्या कर्जात भरले असते तर व्याज वाचले नसते काय? वर्षभरात काही संकट न आल्यास 1,920 रुपये वाचले असते, हे खरे. परंतु जुलैत संकट येताच शेकडा 5 ने काढलेल्या 8,000 रुपयांवर पाच महिन्यांत 2,000 रुपये व्याज होते व ही बचत संपून जाते. तेच संकट जानेवारीत आले तर 11 महिन्यांचे 4,400 रुपये द्यावे लागतात. शिवाय रोवणीच्या दिवसांत, मजुरी तटलेली असताना पैसे मागणाऱ्यास अटी ठरविता येत नाहीत. उभे पीक कमी भावाने लिहून देणे किंवा जमिनीच्या कागदावर सही करणे असे प्रसंग याच वेळी ओढवतात. राखीव रकमेपायी गमावलेले थोडे व्याज म्हणजे या प्रसंगापासून शेत वाचविण्याची किंमत समजावी.

बियाण्याच्या धानाप्रमाणे

राखीव रक्कम ठेवण्याची कल्पना शेतकऱ्यास नवी नाही. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याचे धान कोणी कांडून खात नाही. ते ढोलीत वेगळे राहते. अडीनडीची पुंजीही तशीच वेगळी राहिली पाहिजे. ती पीककर्जाच्या खात्यात किंवा घरातील डब्यात न ठेवता बँकेच्या किंवा टपाल कार्यालयाच्या स्वतंत्र बचत खात्यात ठेवावी, आणि शक्य तर ते खाते पती-पत्नी या दोघांच्या नावे असावे.

या पुंजीस हात केव्हा लावावयाचा हे आधीच ठरविणे अवश्य आहे. आजारपण, राहत्या घराची मोडतोड, दुभते जनावर, बैल किंवा पंप यांसारख्या उपजीविकेच्या साधनाची हानी, आणि घरातील अथवा निकटच्या आप्ताचे मरण, एवढ्याच कारणांसाठी ती वापरावी. लग्नकार्य, सण, शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च हे आधीपासून ठाऊक असलेले खर्च होत. त्यांची तरतूद निराळी करावी. पुंजी वापरली गेल्यास पुढील सुगीत महाग कर्जाच्या हप्त्याबरोबर तीही पुन्हा भरून काढावी.

एका वर्षात पूर्ण रक्कम बाजूस काढणे ज्यांस शक्य नाही त्यांनी निम्म्यापासून प्रारंभ करावा. पीएम-किसान योजनेतून वर्षास 6,000 रुपये आणि 2023 साली सुरू झालेल्या राज्याच्या नमो शेतकरी योजनेतून तेवढीच रक्कम हप्त्यांनी मिळण्याची तरतूद आहे. या हप्त्यांतील एखादा तरी पुंजीस जोडता येतो. किसान क्रेडिट कार्डाच्या 2012 च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या मर्यादेवर 10 टक्के रक्कम सुगीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी आणि 20 टक्के शेतीसाधनांच्या देखभालीसाठी धरण्याची तरतूद करण्यात आली. म्हणजे 60,000 रुपयांच्या पीककर्जाच्या मर्यादेवर घरगुती गरजेसाठी 6,000 रुपये होतात. शेकडा 5 चे दार ठोठावण्यापूर्वी ही सोय आपल्या कार्डावर आहे किंवा कसे, हे बँकेत विचारावे.

जो खर्च टळू शकतो तो टाळावा

पुंजी लहान असते. म्हणून मोठा घाव तिच्यावर येऊ देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवरील उपचारांसाठी कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णास दाखल करतानाच रुग्णालय या योजनेत आहे काय, हे तेथील आरोग्यमित्राकडे विचारावे. शिधापत्रिका व आधार कार्ड हाताशी नसल्याने पुष्कळदा विलंब होतो, तरी ही कागदपत्रे एका पिशवीत तयार ठेवावीत. योजना उपचाराचा भार उचलते. जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी मात्र घरालाच सोसावी लागते, आणि तेवढ्यासाठीच पुंजी असते.

बांधीत काम करताना सर्पदंश, वीज पडणे, पाण्यात बुडणे असे अपघात घडतात. अशा अपघाताने शेतकऱ्याचा अथवा कुटुंबातील पात्र सदस्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. दुःखाच्या दिवसांत अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून शेजाऱ्यांनी व कृषी सहाय्यकाने त्या कुटुंबास ताबडतोब मदत करावी. अतिवृष्टीने घर पडल्यास दुरुस्तीपूर्वी तलाठ्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. जनावरांना पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घ्यावी, आणि छपरावरील फुटकी कवेलू वैशाखातच बदलावीत. वैशाखातील थोडक्या खर्चाने श्रावणातील मोठा खर्च पुष्कळदा वाचतो.

पैशाच्या निकडीने धान पडत्या भावाने विकणे हाही खर्चच होय. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये ठरली. व्यापाऱ्यास 300 रुपये कमी घेऊन 30 क्विंटल धान दिले तर 9,000 रुपये, म्हणजे वरील कुटुंबाच्या वर्षभराच्या पुंजीहून अधिक रक्कम गेली. खरेदी केंद्रावरील नोंदणी वेळेत करावी. केंद्र सुरू होण्यास वेळ असेल आणि पैशाची निकड असेल, तर राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आपल्या बाजार समितीत चालू आहे काय याची चौकशी करावी. या योजनेत धान गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वर्षाला 6 टक्के दराने मिळू शकते.

फेडीचा क्रम आणि कायद्याचा आधार

सर्व देण्यांत पहिला मान त्या कर्जास द्यावा, ज्यासाठी जमिनीचा कागद लिहून दिला आहे. कर्जाच्या तारणापोटी विक्रीपत्र करून देणे अत्यंत धोक्याचे असून ते कोणीही करू नये. ज्यांच्याकडून तसे घडले आहे त्यांच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्ये उपाय आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात गेलेली स्थावर मालमत्ता, व्यवहारास 15 वर्षे उलटली नसतील तर, चौकशीअंती परत देववण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास दिलेला आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

याच अधिनियमाने परवान्याशिवाय सावकारी करण्यास बंदी आहे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून घ्यावयाच्या व्याजाची मर्यादा 2014 च्या अधिसूचनेने तारणी कर्जास वर्षाला 9 टक्के व विनातारण कर्जास 12 टक्के ठरविली. हे पाहता शेकडा 2 किंवा शेकडा 5 दरमहा हा व्यवहार किती महाग व कायद्यास किती सोडून आहे, हे ध्यानात येईल. तारण ठेवावयाचाच झाला तर दागिना बँकेत वार्षिक दराने ठेवावा. प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी व ती जपून ठेवावी.

गावोगावी आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्त संस्थांविषयीही सावध असावे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नयेत. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा येते त्याने दर आठवड्याचा हप्ता मान्य करण्यापूर्वी आषाढातील हप्ता कशातून द्यावयाचा, याचे उत्तर स्वतःस द्यावे. एका संस्थेचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज कधीही घेऊ नये.

सारांश, या सुगीत पैसे हाती येण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील सर्वांनी कागद घेऊन बसावे. एका बाजूस सर्व देणी वर्षाच्या व्याजासह लिहावीत, दुसऱ्या बाजूस पाच वर्षांतील अडीनडीच्या खर्चाची सरासरी लिहावी. जमिनीचा कागद अडकलेले देणे व पीककर्जाची तारीख प्रथम पाहावी, त्यानंतर सर्वांत चढ्या व्याजाचे कर्ज फेडावे, आणि फेडीबरोबरच पुंजीही बाजूस काढावी. तिला देण्यांच्या यादीत स्थान मिळाले, तर पावसाळ्यातील संकट पुंजीतून निभावेल आणि पुढील सुगीचे धान शेकडा 5 च्या व्याजात जाणार नाही.